गरिबी घटतेय ना? मग दरी वाढली तर काय बिघडलं?

आडगणित

दुसऱ्या एका धाग्यावर हा विषय निघाला आणि तिथे 'अवांतर नको, वेगळा धागा काढा' असं प्रेमाने सांगण्यात आलं. तर काढलाय.

माझा मुद्दा असा. १९९० मध्ये जगातली एक तृतीयांशाहून जास्त माणसं अतिदारिद्र्यात होती. आज ते प्रमाण दहात एकाच्या आसपास आहे. त्या साली पाच वर्षांच्या आतली सव्वा कोटीहून जास्त मुलं दगावली होती. २०२२ मध्ये हा आकडा पहिल्यांदाच ५० लाखांच्या खाली आला, तोही मधल्या काळात लोकसंख्या एवढी वाढलेली असताना. असं याआधी कधीच झालेलं नाही.

आणि याच काळात रडगाणं कशाचं, तर विषमतेचं. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार वरच्या १० टक्के लोकांकडे जगातली ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून २ टक्के. आकडा भयंकर दिसतो, मान्य. पण ज्याचं मूल जगलं त्याला कुठल्या तरी अब्जाधीशाकडे किती आहे याने नेमका काय फरक पडतो? गरिबी हा प्रश्न आहेच. विषमता हा खरंच वेगळा प्रश्न आहे, की भरल्या पोटी केलेला मत्सर?

उदाहरणं द्या. घोषणा नकोत.

खोडसाळ

घोषणा नकोत म्हणता, मग इथल्या निम्म्या लोकांनी करायचं काय?

सांख्यिक

आधी आकड्यांबद्दल, कारण पुढे सगळे त्यावरूनच भांडणार आहेत.

जागतिक बँकेची दारिद्र्यरेषा १९९० च्या अहवालात दिवसाला साधारण १ डॉलर होती. ती १.९० झाली, २०२२ मध्ये २.१५ झाली आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. हे डॉलर बँकेत बदलून मिळणारे नव्हेत. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढं येतं तेवढं त्या त्या देशाच्या बाजारात घ्यायला जी रक्कम लागेल ती. म्हणजे 'तिकडे स्वस्ताई असते हो' हा हिशोब त्यात आधीच धरलेला आहे. हा मुद्दा कुणीतरी मांडणारच होतं म्हणून आधीच सांगून ठेवतो.

रेषा ३ वर गेली तेव्हा २०२२ सालातले अतिगरीब ७१ कोटींवरून थेट ८४ कोटींच्या घरात गेले. कुणाचंही आयुष्य त्या दिवशी बदललं नव्हतं. त्यामुळे 'दहात एक' हे वाक्य रेषा कुठे मारली यावर बरंच अवलंबून आहे.

आणखी एक रेषा होती, दिवसाला ६.८५ डॉलरची. बँकेचाच २०२४ चा अंदाज: तिच्या खाली साडेतीन अब्ज माणसं, म्हणजे जगातली ४४ टक्के. १९९० मध्येही संख्या जवळपास तेवढीच होती. प्रमाण घटलं, डोकी तेवढीच राहिली.

कल मात्र खाली आहे, याबद्दल धागाकर्त्याशी सहमत.

गवतफुला

धागाकर्त्याशी +१. त्यात एक भर घालते. गरिबी हटवण्याचा सगळ्यात मोठा पराक्रम चीनचा, चाळीस वर्षांत ८० कोटींच्या आसपास माणसं. आणि नेमक्या त्याच चाळीस वर्षांत चीनमधली अंतर्गत विषमता भरपूर वाढली. विषमता हीच गरिबीची आई असती तर हे झालंच नसतं. उलट १९७८ च्या आधी, म्हणजे आर्थिक सुधारणा सुरू होण्याआधी, सगळे सारखे होते, सारखेच गरीब.

दुपारची_झोप

चीनचं उदाहरण मला दोन्ही बाजूंनी वापरता येईल. चीन वर आला म्हणून देशादेशांतली दरी कमी झाली. जगभरच्या माणसांची एकत्र विषमता मोजली तर ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घटली आहे, हे अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी दाखवलंय. म्हणजे तुमच्या उदाहरणात गरिबी आणि जागतिक दरी एकदमच खाली आलेत. देशाच्या आतली दरी आणि देशादेशांतली दरी यांची गल्लत नको.

आता दर आणि रक्कम यातला फरक. ६०,००० डॉलर सरासरी उत्पन्न असलेला देश २ टक्क्यांनी वाढला की माणशी १,२०० डॉलरची भर पडते. १,००० डॉलरवाला ५ टक्क्यांनी धावला तरी भर पडते ५० डॉलरची. बातमीत दुसरा देश 'वेगाने पुढे' असतो.

आडगणित

@दुपारची_झोप, हिशोब बरोबर आहे. पण ५० वाढलेच ना? पहिल्याच्या १,२०० मुळे दुसऱ्याचे ५० खोटे कसे ठरतात?

दुपारची_झोप

ठरतात, कारण काही गोष्टी दोघांनाही एकाच लिलावातून घ्याव्या लागतात.

२०२२ चंच बघा. रशियाचा वायू आटला तेव्हा युरोपने द्रवरूप वायूची जहाजं मिळेल त्या भावाला उचलली. पाकिस्तानने जुलैमध्ये निविदा काढली तर एकही बोली आली नाही. बांगलादेशने त्याच महिन्यात खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि वेळापत्रक लावून वीज बंद करायला सुरुवात केली. बांगलादेशची अर्थव्यवस्था त्या वर्षी वाढतच होती. तुमच्या भाषेत सांगायचं तर ५० वाढले होते. पण समोरच्या बोलीवाल्याचा खिसा इतका खोल होता की त्या पन्नासांचं काही आलं नाही.

लस, औषधं, परिचारिका, कर्ज, दुष्काळाच्या वर्षी धान्य, सगळ्याला हेच लागू आहे. ज्या वस्तू जगाच्या बाजारात मोजक्याच असतात, तिथे 'माझ्याकडे किती' याला अर्थ येतो तो 'तुझ्याकडे किती' यावरून.

मीनाक्षी_म्हणे

हे पटलं. मत्सराचा मुद्दा इथेच संपला असं मला वाटतं.

खोडसाळ

मीनाक्षीताई, इतक्या लवकर संपवू नका. अजून कुणी कुणाची लायकी काढलेली नाही.

गवतफुला

नाही संपला. वायूचा प्रश्न पुरवठ्याचा होता. आणि खोल खिशांचा फायदाही सांगा की. औषधांचं संशोधन कुणाच्या पैशातून होतं? एड्सच्या औषधांचे शोध श्रीमंत बाजाराच्या आशेवरच लागले. मग २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, तोवर पेटंटवाल्यांचा भाव १०,००० च्या वर होता. आधी श्रीमंतांनी किंमत मोजली, नंतर गरिबांना स्वस्तात मिळालं. दरी नसती तर शोधच लागला नसता.

निवडुंग

@गवतफुला, 'नंतर' या शब्दात किती माणसं मेली तेही लिहा.

आणि संशोधन होतं ते श्रीमंतांना होणाऱ्या रोगांवर. मलेरियाच्या पहिल्या लशीवर काम १९८० च्या दशकात सुरू झालं, आणि मुलांना ती सर्रास द्यावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली ऑक्टोबर २०२१ मध्ये. कोविडची लस वर्षाच्या आत बाजारात. परजीवीवर लस करणं विषाणूपेक्षा अवघड असतं हे धरूनही एवढा फरक निव्वळ विज्ञानाचा नाही. कोविड लशींचे बौद्धिक संपदा नियम शिथिल करा असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडला. निर्णय झाला जून २०२२ मध्ये, तोही बराच पातळ करून. तोवर श्रीमंत देशांत बूस्टरही घेऊन झाले होते.

भटकभवानी

बरेच दिवस वाचनमात्र होते, पण इथे लिहावंसं वाटलं. कोकोच्या खरेदीशी संबंधित कामानिमित्त मी घानात राहिले आहे, तेव्हा जे बघितलं तेवढंच सांगते.

शेतकरी शेंगा फोडतो, आतला पांढरा बुळबुळीत गर आणि बिया केळीच्या पानांवर रचून वर पानंच झाकतो. सहा-सात दिवस ते आंबत ठेवायचं, मधे उलथायचं. मग बांबूच्या चटयांवर उन्हात आठवडाभर वाळवण. पाऊस आला की घरातल्या पोरांसकट सगळे चटया गुंडाळायला धावतात. वाळलेला माल गावातल्या खरेदी कारकुनाच्या टपरीत नेतात. तिथे तराजू, आणि शेतकऱ्याच्या हातात एक छोटं पासबुक. पोतं साधारण ६४ किलोचं. त्या तराजूवर गावात कुणाचाच विश्वास नव्हता, पण टपरीत दुसरा तराजूही नव्हता.

भाव कारकून ठरवत नाही. हंगामाच्या सुरुवातीला सरकार ठरवतं आणि हंगामभर साधारण तोच चालतो. सरकार तो ठरवतं कारण बराच माल त्याने आदल्या वर्षीच परदेशी खरेदीदारांना विकून टाकलेला असतो. भाव कोसळला तर शेतकरी वाचावा, हा हेतू. हेतू चांगला आहे.

२०२४ मध्ये काय झालं? जगाच्या बाजारात कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, डिसेंबरात तर १२,००० च्याही वर. पण घानाचा माल जुन्या भावाला बांधलेला होता. शिवाय भाव वाढला होता तोच मुळी घाना आणि आयव्हरी कोस्टमधलं पीक गेल्यामुळे. लहरी पाऊस आणि झाडं मारणारा विषाणू. या दोन देशांतून जगातला निम्म्याहून जास्त कोको येतो. म्हणजे ज्याच्या नुकसानीमुळे भाव चढला त्याच्याकडेच विकायला पोती कमी, आणि होती ती जुन्या भावाची. मग रात्री पोती सीमेपलीकडे जायला लागली. चोरटा व्यापार म्हणा, नाहीतर भाव शोधणं म्हणा.

त्याआधी २०१९ मध्ये दोन्ही देशांनी मिळून टनामागे ४०० डॉलर जादा द्या असं ठरवलं होतं, शेतकऱ्याला जगण्यापुरतं उत्पन्न मिळावं म्हणून. खरेदीदारांनी ते ४०० दिले. आणि दर्जासाठी, त्या देशाच्या मालासाठी म्हणून जो वेगळा अधिमूल्याचा आकडा असतो तो पाडला, काही काळ तर उणे केला. दोघांनी कितीही ताणलं तरी थांबायला घेणाऱ्याला परवडतं, विकणाऱ्याला नाही.

धागाकर्त्याला माझं उत्तर एवढंच.

सांख्यिक

अप्रतिम प्रतिसाद. हे वेगळा लेख म्हणून टाका अशी विनंती.

यावर सिद्धांतही आहे. राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थतज्ज्ञांनी १९५० मध्ये वेगवेगळं काम करून एकच निष्कर्ष काढला होता: कच्चा माल विकणाऱ्याला तेवढीच यंत्रं घ्यायला काळाच्या ओघात जास्त जास्त माल विकावा लागतो. सगळ्या वस्तूंना, सगळ्या काळात तो लागू पडत नाही, पण चढउतारांचा मार कोण खातो हे त्यातून नीट कळतं.

खोडसाळ

भाव होता तेव्हा माल नाही, माल होता तेव्हा भाव नाही. आणि ४०० डॉलर एका दाराने आत येऊन दुसऱ्याने बाहेर. हे अर्थशास्त्र आहे की वग?

परखड

सगळं खापर बाहेरच्यांवर फोडायची ही रीत जुनीच आहे. बोट्स्वाना बघा. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता होता १२ किलोमीटर. पुढच्याच वर्षी हिरे सापडले. त्यांनी हिरे कंपनीशी बसून निम्मा-निम्मा वाटा ठरवला, पैसा शाळा-दवाखान्यांत घातला, निवडणुका वेळेवर घेतल्या. पुढची काही दशकं जगात सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या देशांत त्यांची गणना होती. बाजार तोच, खरेदीदार तेच. काँगोत काय कमी खनिजं आहेत? जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी ७० टक्क्यांच्या आसपास तिथलं. राज्यकर्ते कसे आहेत यावर सगळं ठरतं. दक्षिण कोरिया तर १९६० च्या सुमारास घानाच्याच रांगेत होता.

निवडुंग

@परखड, काँगोचे राज्यकर्ते आकाशातून पडले का? स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांत पहिले पंतप्रधान लुमुंबांचं काय झालं आणि हुकूमशहा मोबुटूंना तीस वर्षं कुणी पोसलं, तेही वाचा. कोरियाला अमेरिकेची मदत आणि अमेरिकेचा बाजार दोन्ही मिळाले, आणि जमीन सुधारणा त्याआधीच होऊन गेल्या होत्या. जमिनीचं फेरवाटप, म्हणजे विषमता कमी करणं. उदाहरण तुमचंच आहे बरं का.

परखड

वाचलंय सगळं. तुमच्यासारखं एकाच चष्म्यातून नाही वाचलं एवढंच.

संपादक_मंडळ

व्यक्तिगत शेरे टाळावेत.

खोडसाळ

आलं! मी म्हणतच होतो.

कासवगती

बोट्स्वानाचं कौतुक रास्तच, पण दोन गोष्टी राहिल्या. एक, तो देश आजही जगातल्या अति विषम देशांत मोडतो. हिऱ्यांचा पैसा आला, रोजगार तेवढा आला नाही. दोन, प्रयोगशाळेत केलेले हिरे बाजारात आल्यापासून खऱ्यांचा भाव पडलाय आणि गेली दोन-तीन वर्षं तिथल्या सरकारची तारांबळ चालली आहे. चांगलं राज्य केलंत तरी एकाच मालावर उभे असाल तर दुसऱ्या कुणाच्या प्रयोगशाळेत तुमचं अंदाजपत्रक ठरतं.

वसुलीबहाद्दर

माझं क्षेत्र कर्जाचं, त्यामुळे मी तिथूनच बोलतो.

झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकवला. माणूस किंवा कंपनी बुडाली तर दिवाळखोरीचा कायदा असतो, न्यायालय असतं. देश बुडाला तर तसं काहीच नाही. जी-२० ने त्याच महिन्यात गरीब देशांच्या कर्जाची फेरआखणी करायला एक 'समान चौकट' केली होती, तिच्यात झांबिया गेला. सरकारी सावकारांशी तत्त्वतः समझोता व्हायला जून २०२३ उजाडला. रोखेधारकांशी, म्हणजे सरकारचे कर्जरोखे घेतलेल्या खासगी गुंतवणूकदारांशी, जुन्या रोख्यांची प्रत्यक्ष अदलाबदल २०२४ च्या मध्यावर. मधल्या काळात सगळ्यात मोठा सरकारी सावकार चीन म्हणे रोखेधारकांनीही तेवढंच सोडावं, रोखेधारक म्हणत आधी चीनचे कागद दाखवा. एवढं सगळं होईपर्यंत नवं कर्ज नाही, नवी गुंतवणूक नाही, आणि शाळा-दवाखान्यांना कात्री.

बरं, व्याजदर कोण ठरवतं? २०२२ मध्ये अमेरिकेने स्वतःची महागाई आवरायला दर चढवले. ते त्यांचं कामच आहे. पण त्याबरोबर डॉलर महागला आणि डॉलरमध्ये कर्ज असलेल्या प्रत्येक गरीब देशाचा हप्ता, त्याने काहीही न करता, फुगला. १९८२ चं मेक्सिकोचं संकटही असंच, त्याआधीच्या अमेरिकी दरवाढीतून आलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या अहवालानुसार ३.३ अब्ज लोक अशा देशांत राहतात, जिथलं सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर करतं त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर करतं.

ज्याला याची सुरुवात बघायची असेल त्याने हैतीचा, म्हणजे कॅरिबियनमधल्या फ्रान्सच्या जुन्या वसाहतीचा, इतिहास चाळावा. गुलामांनी बंड करून स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून 'आमच्या मालकांची भरपाई द्या' म्हणून १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ते ९ कोटींवर आणले. भरपाई कुणाला, तर ज्यांचे गुलाम सुटले त्यांना. आणि पहिला हप्ता भरायला कर्जही फ्रान्समधल्याच बँकांकडून काढावं लागलं.

मीनाक्षी_म्हणे

हैतीचं माहीत नव्हतं. बराच वेळ काही सुचलं नाही.

गवतफुला

हैतीचं कुणीच समर्थन करणार नाही. पण 'आता' काय? परदेशी मदतीची आशा सोडा. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायचं १९७० मध्ये ठरलं आणि ते पाळणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अमेरिकेने तर २०२५ मध्ये आपली मदतसंस्थाच गुंडाळली.

आखातवासी

मदतीपेक्षा मोठी रक्कम आमच्यासारखे पाठवतात, तेही लिहा. २०२३ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत परदेशस्थांनी धाडलेले पैसे ६५० अब्ज डॉलरच्या वर होते. सगळी सरकारी मदत त्यापुढे बारीक.

इथे पगाराच्या दिवशी पैसे पाठवायच्या खिडकीसमोर रांग लागते. बांधकामावरचे नेपाळी, बांगलादेशी, केनियाचे सुरक्षारक्षक. बरेच जण थोडे थोडे पाठवतात, कारण हातात तेवढेच असतात, आणि शुल्क मात्र दर वेळी ठरलेलं. जास्त पाठवणाऱ्याला टक्केवारीत ते जाणवतही नाही. जगाची सरासरी ६ टक्क्यांच्या वर आहे, २०३० पर्यंत ३ वर आणायचं उद्दिष्ट आहे. आफ्रिकेत पाठवणं सगळ्यात महाग.

आणि ज्याला परदेशी यायचा व्हिसाच मिळत नाही, त्याचा तर या रकमेत हिशोबच नाही.

सांख्यिक

@आखातवासी, व्हिसाचा मुद्दा नेमका. मिलानोविच यांचंच काम: जगातल्या उत्पन्नातल्या फरकांपैकी साधारण दोन तृतीयांश फरक 'कुठल्या देशात' एवढ्यावरूनच उलगडतो. शिक्षण, कष्ट, हुशारी, नशीब हे सगळं उरलेल्यात.

खोडसाळ

म्हणजे जन्माआधी अर्ज नीट भरायला हवा होता.

आडगणित

सगळं वाचलं. भटकभवानी आणि वसुलीबहाद्दर यांचे विशेष आभार.

मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही सगळ्यांनी दाखवलं ते असं, की दरी नुसती रकमांची नाही. लिलावात कोण जिंकतं, भाव कोण पाडतं, कर्जाच्या अटी कोण लिहितं, हे त्या दरीवरून ठरतं. बरं. पण मग प्रश्न ताकदीचा झाला, संपत्तीचा नाही. २००९ मध्ये श्रीमंत देश आपटले, दरी थोडी कमी झाली. गरीब देशांचं भलं झालं का? निर्यात पडली, आखातवासींसारख्यांनी पाठवलेला पैसाही घटला. वरच्याला खाली ओढून काही साधत नाही, हे माझं म्हणणं अजून शाबूत आहे.

दुपारची_झोप

खाली ओढा असं या धाग्यावर कोण म्हणालं? संपत्ती त्यांच्याकडेच राहू द्या, नियम ठरवायच्या टेबलावरची मतं तेवढी वाटून घ्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात. एकट्या अमेरिकेकडे साडेसोळा टक्के आहेत. करा वजाबाकी. आणि ही मतं वाटलेली आहेत अर्थव्यवस्थेच्या आकारावरून. तिथे ताकद आणि संपत्ती वेगळी काढून दाखवा.

परखड

पण ज्याचे पैसे जास्त त्याचं मत जास्त, यात गैर काय? बँक आहे ती, ग्रामसभा नव्हे.

वसुलीबहाद्दर

@परखड, बँकेत कर्जदार तरी दुसऱ्या बँकेत जाऊ शकतो.

आडगणित

नाणेनिधीत हल्ली आफ्रिकेला जागा वाढवून दिली ना?

वसुलीबहाद्दर

हो. सहाराच्या दक्षिणेकडच्या चाळीसहून जास्त देशांना मिळून संचालक मंडळात दोन जागा होत्या, नोव्हेंबर २०२४ पासून तीन झाल्या. मंडळ आता २५ जणांचं. पण जागा वाढली म्हणून मतं वाढली नाहीत, ती कोट्यावर, म्हणजे प्रत्येक देशाने निधीत भरायच्या ठरलेल्या वाट्यावर, असतात. डिसेंबर २०२३ च्या आढाव्यात कोटा सगळ्यांचा एकसारखा ५० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, म्हणजे वाटे होते तिथेच.

मीनाक्षी_म्हणे

मग वाटे बदलायचे कधी?

वसुलीबहाद्दर

पुढच्या आढाव्यात बघू असं म्हटलंय. तो ठराव मंजूर व्हायलाही ८५ टक्केच लागतात.